शिशाची चकती आणि बादशहाचं जहाज

हौशी मेटल डिटेक्टरवाल्याच्या घरी कप्प्याकप्प्यांचा एक प्लॅस्टिकचा डबा असतोच. एका कप्प्यात नाणी, एकात बटणं, एकात बकलं, एकात बंदुकीच्या शिसगोळ्या. सगळ्यांत मोठा कप्पा मात्र ‘हे काय आहे देव जाणे’ या वर्गवारीचा. इंग्लंडच्या सफक परगण्यात स्थायिक झालेल्या एका मराठी मामांचा डबाही याला अपवाद नाही. मामा मूळचे कऱ्हाडचे. उभी हयात विजेच्या यंत्रांत गेली आणि निवृत्तीनंतर शेतमालकांची रीतसर परवानगी काढून ते नांगरलेल्या रानांतून डिटेक्टर फिरवू लागले. त्यांची भाची पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेली, सध्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनात. सुट्टीला ती मामांकडे येते आणि आली की त्या मोठ्या कप्प्यावरून दोघांची जुंपते.

मामांचा दावा असा की वस्तू एकदा हातात आली की आज ना उद्या ओळखता येते. वजन करा, मोजा, भिंगाखाली धरा, पुस्तकांत शोधा. भाचीचं म्हणणं वेगळं. वस्तूचं नाव सांगणं हे अर्धंच काम. ती तिथे का होती, कुणाची होती, कधी पडली, हे माती सांगते. आणि ती माती मामांनी फावड्यानं उलथून टाकलेली असते.

“यंत्रानं आकडा काय दिला होता?” मधोमध भोक असलेली एक राखाडी चकती उचलत भाचीनं विचारलं.

“साठच्या आसपास नाचत होता.”

“म्हणजे काय समजायचं?”

“म्हणजे लोखंड नसावं. त्यापुढे काहीही.”

यंत्राची बाजू घेणारा माणूस असं बोलतो याचं नवल वाटेल, पण मामा यंत्राला आतून ओळखतात. डिटेक्टरच्या कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात. त्यांचं उलटं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते, आणि ते किती मागे रेंगाळलं यावरून पडद्यावर आकडा उमटतो. हे रेंगाळणं ठरतं धातूची वाहकता, वस्तूचा आकार, जाडी आणि ती मातीत आडवी आहे की उभी यावरून. म्हणून जाड चांदीचं नाणं वरचा आकडा देतं, आणि सोन्याची पातळ अंगठी व शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सोन्याच्या आशेनं खणणाऱ्यानं कड्यांची पोती भरायची तयारी ठेवावी. लोखंडाची मोठी वस्तू तर चक्क चांदीचा आव आणते.

“यंत्र धातू ओळखत नाही, त्याची वागणूक ओळखतं,” मामा म्हणाले. “अलेक्झांडर ग्रॅहॅम बेललाही हेच भोवलं.”

भाचीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली आणि ती कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाला बेल आपलं नवं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये हजर झाला. यंत्र चालत होतं, पण गोळी काही मिळाली नाही. रुग्णाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोटाळा केला असं सांगतात. शिवाय डॉक्टरांनी आपल्याला वाटत होती तीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. आज जत्रेतल्या खेळण्याइतक्या सहज विकत मिळणाऱ्या या यंत्राच्या घराण्याची सुरुवात अशी एका फसलेल्या शोधानं झाली.

“म्हणजे त्याला तुझ्यासारखंच झालं,” भाची म्हणाली. “कुठे शोधायचं ते दुसऱ्यांनीच ठरवलेलं.”

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वजनकाटा पुढे ओढला.

पुढची पंधरा मिनिटं मात्र दोघांचं एकमत होतं, कारण चकती खरोखरच मजेदार होती. रुपयापेक्षा जरा मोठी, एक बाजू सपाट, दुसरी किंचित फुगीर, मधलं भोक करंगळी जेमतेम शिरेल न शिरेल असं. कोरडं वजन ३१.२ ग्रॅम. मामांनी काट्यावर पाण्याची वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि चकती दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी सोडली, तळाला टेकू न देता. काट्यावर २.८ उमटलं. हे चकतीनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच तिचं घनफळ. ३१.२ ला २.८ नं भागलं की ११.१ येतात. शुद्ध शिशाची घनता ११.३, चांदीची १०.५, तांब्याची ९ च्या जरा खाली, कथलाची ७.३. वरच्या पांढुरक्या थरानं थोडी घट आणली असं धरलं तर हे शिसं, यात शंका नाही.

“ती वाटी आता स्वयंपाकघरात परत यायची नाही,” मामींनी आतून बजावलं. त्यांचं बरोबर होतं. शिशाच्या वस्तूंवरची पांढरी पूड पोटात जाणं चांगलं नाही, आणि हे हौशी लोकांना कुणीतरी सांगावंच लागतं.

धातू कळला, पण वस्तू? तराजूचं वजन? मासेमारीच्या जाळ्याचा गोळा? भाचीनं भिंग घेऊन भोकाची कड पाहिली. टांगून वापरलेल्या वजनाचं भोक एका बाजूला झिजतं, कारण दोरी कायम तिथेच ओढ देते. इथे झीज चहूबाजूंनी सारखी होती, जणू एक काठी आत घट्ट बसून गोल फिरत राहिली असावी.

“टकळी!” मामा म्हणाले. “आमच्या आजीकडे होती. सूतकताईची.”

“टकळीच्या काडीला वजन देणारी चकती,” भाचीनं दुजोरा दिला. “इंग्लंडच्या शेतांत अशा कितीतरी सापडतात. हिनं काडीला भार दिला की ती जास्त वेळ फिरते.”

“बघ! ओळखली की नाही?”

“ओळखली. आता सांग, कधीची?”

मामा गप्प झाले. शिशाच्या साध्या, नक्षी नसलेल्या चकत्या रोमन काळापासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत आणि त्याहीनंतर जवळपास एकाच घाटाच्या बनत राहिल्या. नुसत्या चकतीकडे पाहून हजार-दीड हजार वर्षांच्या पट्ट्यात बोट ठेवायचं तरी कुठे? ती ज्या कोपऱ्यात मिळाली तिथेच सॅक्सन खापऱ्या, आणखी दोन चकत्या, जळकी माती असती, तर कताई करणारं एक घर डोळ्यांपुढे उभं राहिलं असतं. मामांच्या डायरीत नोंद होती ती एवढीच: ‘मोठं शेत, दुपार’.

भाचीचा मुद्दा इथे पक्का आहे, आणि त्यावर मामांपाशी उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी विषय बदलला आणि एक पिवळी, कागदासारखी पातळ, नाण्यासारखी वस्तू पुढे सरकवली.

ही त्यांनी एक पूर्ण संध्याकाळ सोनं समजून जपली होती. मातीतून सोनं मात्र स्वच्छ निघतं. त्याच्यावर कळंक चढत नाही. या चकतीच्या अक्षरांच्या खाचांत हिरवं होतं, म्हणजे तांबं कुठेतरी आहे. एका बाजूला तीन मुकुट आणि तीन लिलीची फुलं गोल मांडलेली, कडेनं एक नाव: हान्स क्राउविंकेल. हा राजा नव्हे. हा जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचा कारागीर, १५८६ ते १६३५ या काळात याच्या कारखान्यातून पितळी हिशेब-चकत्यांचे ढीग बाहेर पडले. व्यापारी आणि कारकून रेघा आखलेल्या पाटावर त्या सरकवून बेरीज-वजाबाकी करत. रोमन आकड्यांत कागदावर हिशेब करणं म्हणजे शिक्षाच होती. पुढे भारतातून अरबांमार्फत गेलेले दशमान अंक युरोपच्या दुकानदारांच्या अंगवळणी पडले आणि पाट व चकत्या अडगळीत गेल्या. आपल्या आकड्यांनी बेरोजगार केलेली वस्तू कऱ्हाडच्या माणसाला इंग्लंडच्या चिखलात सापडावी, यात गंमत आहे.

“इथे तर काळही कळला, गावही कळलं, कारखानदाराचं नावसुद्धा!” मामांना जोर चढला. “कुठल्या सरीत मिळाली त्यानं काय फरक पडला?”

“हिच्यावर नाव आहे म्हणून. तुझ्या डब्यात नाव असलेल्या वस्तू किती आणि बिननावाच्या किती, ते मोज.”

मामांनी मोजलं नाही. त्याऐवजी ते नांगरावर घसरले, आणि या मुद्द्यावर त्यांची बाजू भक्कम आहे. वस्तू जमिनीत सुखरूप पडून राहते ही समजूत शहरी आहे. नांगरटीचा वरचा वीतभर थर दरवर्षी ढवळला जातो, यंत्रं जड होत गेली, खतांमुळे धातू वेगानं गंजतो. केंटमध्ये रिंगलमिअरला २००१ साली एका डिटेक्टरवाल्याला कांस्ययुगातला सोन्याचा पेला मिळाला, तो नांगराच्या घावानं चेपलेला होता. अजून काही नांगरटी झाल्या असत्या तर त्याचे तुकडेच वेचावे लागले असते.

“तो पेला तुमच्यापैकी कुणी शोधला असता?” मामांनी विचारलं. “त्या शेतात खणायला तुम्हाला कुणी पैसे दिले असते?”

“नसते दिले,” भाचीनं लगेच मान्य केलं. “पण त्या माणसानं तो सांगितला, म्हणून मग तिथे उत्खनन झालं. मी डिटेक्टरच्या विरोधात नाही, मामा. मी चिंचेच्या विरोधात आहे.”

चिंचेचा संदर्भ घरगुती होता. मामांनी सुरुवातीच्या दिवसांत तांब्याची दोन नाणी चिंच-मिठानं घासून लखलखीत केली होती, जशी आपल्याकडे समई उजळतात. मामींनी तर पितांबरी पुढे केली होती. समईला ते ठीक आहे, कारण समईचा आकार जाडजूड असतो आणि वरचा हिरवा थर निव्वळ घाण असतो. पुरलेल्या नाण्याचं तसं नसतं. शेकडो वर्षांत धातूचा वरचा भाग क्षारांत बदलतो, आणि राजाचा चेहरा, अक्षरं, कधी सोन्याचा मुलामा, हे सगळं त्या बदललेल्या थरातच शिल्लक असतं. तो घासून काढला की हाती गुळगुळीत, चकचकीत, मुकी चकती राहते. मिठातले क्लोराइड आत राहिले तर काही महिन्यांनी फिकट हिरव्या पुडीचे ठिपके फुटतात आणि नाणं आतून पोखरलं जातं. तज्ज्ञ त्याला कांस्यरोग म्हणतात. सुकी माती मऊ ब्रशनं झटकायची, खाचांत तिरका उजेड टाकून पाहायचं आणि मोह आवरायचा. घरी यापलीकडे काही करण्यासारखं नसतं. लोखंडाच्या तांबड्या ढेकळाला तर हातही लावू नये. त्याच्या आत खिळा आहे की सॅक्सन सुरी, ते क्ष-किरणच सांगतील.

सफकच्या माणसाला होक्सनचं उदाहरण पाठच असतं, आणि गंमत म्हणजे ते दोघंही आपापल्या बाजूनं देतात. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज हा निवृत्त माणूस आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरनं शोधत होता. त्याला मिळाली रोमन काळाच्या अखेरची सोन्या-चांदीची सुमारे १५ हजार नाणी, चमचे, दागिने.

“हौशी माणूस!” मामा म्हणाले. “ब्रिटिश म्युझियमच्या मोठ्या खजिन्यांपैकी एक, आणि शोधला हातोडा हुडकणाऱ्यानं.”

“आणि पहिले काही मूठभर जिन्नस हाती लागल्यावर त्यानं काय केलं? खणणं थांबवलं. कळवलं. पुरातत्त्ववाले दुसऱ्या दिवशी आले, म्हणून कळलं की खजिना लाकडी पेटीत होता, आत कुठली वस्तू कशाशेजारी, कशात गुंडाळून ठेवली होती. त्यानं सगळं पोत्यात भरून आणलं असतं तर नाणी तेवढीच असती, पेटी नसती.”

त्या खजिन्याचे १७.५ लाख पौंड मिळाले, शेतकऱ्याला वाटा मिळाला, आणि हातोडाही शेवटी सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

याच्या उलट टोकाचं प्रकरण लेमिन्स्टरचं. २०१५ मध्ये दोघा शोधकांना तिथे व्हायकिंग काळातला ठेवा मिळाला. त्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे, कारण त्यांनी काढलेले फोटो पुढे पोलिसांना मिळाले. कायद्यानं कळवणं भाग असताना ते गप्प राहिले, नाणी गुपचूप विकली आणि हाती परत आली जेमतेम तीसेक. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. त्यातल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ हे दोन राजे बरोबरीनं बसलेले आहेत. जुन्या इतिवृत्तानं केओलवुल्फला परक्यांच्या हातचं बाहुलं म्हणून मोडीत काढलं होतं. ही नाणी सांगतात की तो आल्फ्रेडचा मित्रराजा होता. गायब झालेल्या अडीचशेंनी आणखी काय सांगितलं असतं, ते आता काळ्या बाजाराला ठाऊक.

इंग्लंडच्या पद्धतीचा कणा म्हणजे १९९६ चा खजिना कायदा. ३०० वर्षांहून जुनी, दहा टक्क्यांहून अधिक सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली तशी दोन नाणी, १४ दिवसांत कोरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवावी लागतात. संग्रहालयानं घेतली तर बाजारभावानं बक्षीस मिळतं आणि ते सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. बाकीच्या लाखो किरकोळ वस्तूंसाठी ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली १९९७ पासून ऐच्छिक नोंदीची योजना आहे. तिचे अधिकारी परगण्यापरगण्यात बसतात, लोकांनी आणलेल्या वस्तू ओळखून देतात आणि परत करतात. नोंदलेल्या वस्तू १५ लाखांच्या वर गेल्या आहेत. कायद्यात भगदाडंही होती. २०१० मध्ये कम्ब्रियात क्रॉस्बी गॅरेटला रोमन घोडेस्वाराचं मुखवट्यासह शिरस्त्राण मिळालं. ते तांब्याच्या मिश्रधातूचं आणि एकटंच, म्हणून कायद्यानं ‘खजिना’ ठरलंच नाही. लिलावात त्याचे २० लाख पौंडांहून जास्त आले आणि स्थानिक संग्रहालय हात चोळत बसलं. २०२३ च्या दुरुस्तीनं २०० वर्षांपूर्वीची अपवादात्मक महत्त्वाची वस्तू, धातू कुठलाही असो, कक्षेत आणली. तेरा वर्षं लागली, पण भगदाड बुजलं.

एवढं सगळं झाल्यावर मामांनी हुकमाचा पत्ता काढला. “ऱ्होड आयलंडचं नाणं विसरलीस?”

ही गोष्ट मराठी माणसानं ऐकावी अशी आहे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात मिडलटाउन इथल्या फळबागेत जिम बेली या हौशी शोधकाला २०१४ मध्ये काळवंडलेलं चांदीचं लहानसं नाणं मिळालं. आधी त्याला ते स्पॅनिश किंवा मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं वाटलं. भिंगाखाली अक्षरं अरबी निघाली. टांकसाळ येमेनची, साल १६९३. वसाहतीच्या काळात ऱ्होड आयलंडच्या शेतकऱ्याच्या खिशात येमेनचं नाणं येईल कसं? बेलीनं वर्षानुवर्षं कागदपत्रं चाळली आणि त्याचं बोट थांबलं हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यावर. सप्टेंबर १६९५ मध्ये एव्हरीनं मक्केहून सुरतेला परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचं जहाज लुटलं, जहाजावरच्या बायकांवर अत्याचार केले. औरंगजेब तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकून मराठ्यांशी झुंजत होता. बातमी पोचताच सुरतेच्या इंग्रजांना बेड्या पडल्या, वखारी बंद झाल्या, मुंबईच्या बेटावर टांगती तलवार आली. एव्हरीच्या डोक्यावर बक्षीस लागलं, पण तो नाहीसा झाला तो झालाच. बेलीचं म्हणणं, त्याची माणसं गुलामांचे व्यापारी असल्याचं सोंग घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली आणि १६९६ मध्ये ‘सी फ्लॉवर’ नावाचं जहाज न्यूपोर्टला आलं ते त्यांचंच. त्याच काळातली पंधरा-सोळा अरबी नाणी न्यू इंग्लंडच्या परिसरात सापडली आहेत.

“एका डागाळलेल्या चकतीवरून औरंगजेबाच्या जहाजापर्यंत!” मामांच्या आवाजात आपणच ते शोधल्याचा अभिमान होता.

“अरबी अक्षर वाचलं, टांकसाळ आणि साल ठरलं, ते पक्कं. पण पुढचं? त्याच न्यूपोर्टचा टॉमस ट्यू हा चाचा १६९४ मध्येच तांबड्या समुद्रातून लूट घेऊन घरी आला होता. लुटीच्या मोहिमा कितीतरी होत्या. हे नाणं त्यातल्या नेमक्या कुणाच्या खिशातून गळलं, हे नाण्यावर लिहिलेलं नाही.”

“पण शक्यता दांडगी आहे.”

“आहे ना. म्हणूनच मला कनेक्टिकटमधलं नाणं जास्त आवडतं. ते २०१८ मध्ये सतराव्या शतकातल्या एका शेतघराच्या उत्खननात मिळालं. घर कुणाचं, सोबत काय होतं, हे तपासता येतं. तिथे प्रश्न विचारायला जागा आहे.”

भाची इथे थोडी कठोर होते असं वाटतं. बेलीनं नाणं विकून टाकलं नाही, लपवलं नाही, जागेसकट जाहीर केलं, म्हणूनच तर तिला त्याच्या निष्कर्षाशी भांडता येतंय.

तिचा खरा राग मात्र देशातल्या गोष्टींचा. १९७४ मध्ये आपल्या दायमाबादला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंच्या वर. असं काम भारतात दुसरं नाही. तरी त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद झाले. मधुकर ढवळीकर प्रभृतींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या, डी. पी. अग्रवालांनी धातूतलं सोमलाचं प्रमाण दाखवून त्या पुष्कळ नंतरच्या असाव्यात असं मांडलं. मूर्ती पुरातत्त्वज्ञांच्या कुदळीखाली, ठरावीक थरात सापडल्या असत्या तर हा वाद इतका लांबलाच नसता.

“पण त्या शेतकऱ्यानं मूळ खणलं नसतं तर तुमच्याकडे वाद घालायलाही काही नसतं,” मामा म्हणाले. मग हळूच पुढे सरले. “म्हणूनच म्हणतो, पुढच्या खेपेला यंत्र कऱ्हाडला घेऊन येतो. सातवाहनांचं गाव ते. शिशाची नाणी तर असणारच.”

“आणि पोलीस ठाण्यात सोडवायला कोण येणार?”

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं, जमिनीत दडलेलं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणं हा गुन्हाच. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी ‘छावा’ चित्रपट पाहून मोगलांच्या सोन्याच्या आशेनं लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, ते चित्र भाचीच्या डोळ्यांपुढून हटत नाही. शिवाय आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण. इंग्लंडच्या मऊ मातीत लाडावलेलं यंत्र तिथे ठायी ठायी कोकलेल. हा मुद्दा मामांनी स्वतःच काढला. तो त्यांच्या क्षेत्रातला होता.

“ढिगाचं काय महत्त्व असतं सांगू?” भाची म्हणाली. “१९०६ ला नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. खालून नहपानाचा चेहरा डोकावतोय, वर सातवाहनांची चिन्हं. एखाद-दुसरं नाणं मिळालं असतं तर म्हटलं असतं, कुणीतरी जुन्या नाण्यावर छाप मारली. नऊ हजार मिळाली म्हणून कळलं की जिंकणाऱ्यानं हरलेल्याचा पैसाच ताब्यात घेतला. ती नाणी दहा बाजारांत पांगली असती तर?”

“मान्य. पण मला सांग, आज कऱ्हाडच्या शेतकऱ्याला नांगरताना एक शिवराई मिळाली तर तो कुणाकडे जाईल?”

भाचीनं उत्तर द्यायला वेळ घेतला. १८७८ च्या कायद्यात शोधणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक-चतुर्थांश अशी वाटणीची तरतूद आहे, सरकारनं घेतलं तर किमतीवर पाचवा हिस्सा जादा द्यायचीही. कागदावर हे इंग्लंडपेक्षा फारसं वाईट नाही. पण तालुक्याच्या गावी बसून वस्तू हातात घेणारा, ओळखून देणारा, जागा लिहून घेणारा आणि वस्तू परत करणारा माणूस आपल्याकडे नाही. शेतकऱ्याच्या मनात जिल्हाधिकारी कचेरी म्हणजे हेलपाटे आणि पोलीस म्हणजे संशय. मग शिवराई जाते नाण्यांच्या दुकानदाराकडे, आणि सातवाहनांचं शिसं मोडीत. या एका बाबतीत मामांचं पारडं जड आहे आणि ते भाचीलाही नाकारता आलं नाही.

“तर मग डिटेक्टर नको, ओळखून देणारा माणूस आधी हवा,” ती म्हणाली.

“दोन्ही हवेत.”

“आधी माणूस.”

हे मिटलं नाही. मामींनी पोहे आणले म्हणून थांबलं.

डब्यात उरली होती एक पोकळ, हिरवट, तुटकी वस्तू. एका टोकाला गोळा, दुसरीकडे मोडलेली नळी. मामांच्या मते ती पिंपाची तोटी, भाचीच्या मते कशाचाही तुकडा. मामांना तेवढ्यावर सोडवेना, तेव्हा तिनं रोमन बारापैलूंचं नाव काढलं. ब्राँझचा पोकळ ठोकळा, बारा बाजू, प्रत्येकीला वेगळ्या मापाचं गोल भोक, वीस कोपऱ्यांवर वीस गोळे. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनमध्ये शंभरावर सापडलेत. २०२३ मध्ये लिंकनशरच्या नॉर्टन डिझनीला स्थानिक हौशी मंडळींच्या उत्खननात आणखी एक अखंड मिळाला. कुठल्याही रोमन लेखकानं त्याचा उल्लेख केलेला नाही. मेणबत्तीचं घर, मोजमापाचं साधन, हातमोजे विणायचा साचा, ज्योतिषाचं खेळणं, सगळं सुचवून झालंय. नॉर्टन डिझनीच्या मंडळींकडे निदान कुठल्या खड्ड्यात, कशासोबत तो होता याची नोंद आहे. डब्यांत आणि कपाटांत पडलेल्या कित्येक जुन्या नमुन्यांची तीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीनं मामांच्या फोनवर जागेचे अंश-कला टिपण्याची सोय लावून दिली आणि लहान पिशव्यांचा गठ्ठा समोर ठेवला. नियम एकच: वस्तू खड्ड्यातून वर येण्याआधी नोंद, आणि प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी. परगण्याच्या अधिकाऱ्याकडे नेण्यासाठी टकळीची चकती, क्राउविंकेलची हिशेब-चकती आणि तो हिरवट तुकडा बाजूला निघाले. मग तिनं जुन्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. जे आठवतं ते तरी लिहून ठेवू, शेताचं नाव, कोपरा, वर्ष.

मामांनी कप्प्यातून एक बकल उचललं. “हे ओढ्याकडच्या शेतातलं. डोळे मिटून सांगतो.”

“ओढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं?”

“पलीकडचं. थांब, पलीकडे तेव्हा बीट लावलं होतं, तिकडे जाऊ देत नव्हते. म्हणजे अलीकडचं. की ते दुसरं बकल?”